सशाची पिल्ले उपाशी आहेत की पोटभर?



गळीत हंगाम चालू असला म्हणजे शेतकी खात्याकडे येणारा माणूस बहुधा उसाचेच विचारतो. तोड कधी लागणार, टोळी का आली नाही, वजनाची पावती कधी मिळणार. पण आपल्या भागात घरी जोडधंदा म्हणून, नाहीतर मुलांच्या हौसेखातर, चार-सहा ससे पाळणारीही कुटुंबे आहेत. त्यांच्याकडून, त्यातही घरातल्या बायामंडळींकडून, एक प्रश्न आम्हांला वरचेवर ऐकायला मिळतो. "काल रात्री मादी व्याली. सकाळपासून बघतोय, पेटीत पाऊल टाकलं नाही तिनं. कोपऱ्यात बसून घास खाती. पिल्लं उपाशी मरतील का? गाईचं दूध पाजावं का?"

हा पाठ त्या एका प्रश्नासाठी आहे. प्रश्न लहान दिसतो, पण त्याचे उत्तर चुकले तर दोन्हीकडून नुकसान. पिल्ले पोटभर असताना घाबरून कापसाच्या बोळ्याने दूध घातले तर ते छातीत जाते आणि धडधाकट पिल्लू मरते. उलट ती खरोखर उपाशी असताना "पाजत असेल रात्री" म्हणून सोडून दिले तर तिसऱ्या दिवशी सगळी पेटी थंड पडलेली सापडते. म्हणून अंदाजावर न जाता तपासायचे कसे, ते पाहू.

आपली सगळी सवय गाई-म्हशीची आणि शेळीची. वासरू ढुशा देते, गाय पान्हा सोडते, आणि हे दोन वेळा आपल्या डोळ्यांदेखत होते. करडू तर दिवसभर आईच्या मागे मागे. कुत्री, मांजर पिल्लांना कुशीत घेऊन पडून राहते. त्यामुळे आई म्हणजे पिल्लांजवळ असणारी, ही समजूत आपल्या मनात पक्की. सशाला हा हिशेब लागू नाही. सशाची मादी पिल्लांपासून मुद्दाम लांब राहते, आणि लांब राहते म्हणून तिला वाईट आई म्हणण्याचे कारण नाही.

याचे मूळ तिच्या वंशात आहे. आपण पिंजऱ्यात पाळतो तो ससा मूळचा आपल्या देशातला नव्हे. स्पेन-पोर्तुगालच्या बाजूला बिळे करून राहणारा जो रानटी ससा, त्याचा तो वंशज. त्या रानात मादी विण्याच्या वेळी आपल्या नेहमीच्या बिळापासून बाजूला एक आखूड बीळ खोदते. आत गवत नेते, स्वतःच्या पोटाची लव उपटून मऊ बिछाना करते, तिथे विते आणि बाहेर पडताना बिळाचे तोंड मातीने बुजवून टाकते. पिल्ले उघडीबोडकी, डोळे मिटलेली, पळता न येणारी. कोल्ह्यासारखा शत्रू वासावर येतो. आई जितक्या वेळा ये-जा करील तितका माग राहील. म्हणून ती जाते चोवीस तासांतून एकदा. पिंजऱ्यात ना कोल्हा आहे ना बीळ, पण पिढ्यान्‌पिढ्यांची सवय काही सुटत नाही.

१९६५ साली झॅरो, डेनेनबर्ग आणि अँडरसन या अमेरिकन संशोधकांनी पाळीव सशांवर लक्ष ठेवून हीच गोष्ट ‘सायन्स’ मासिकात मांडली. मादी दिवसातून एकदाच पाजते. पुढच्या अभ्यासांत काही माद्या दोनदा जातात असेही दिसले आहे, पण एकदा हाच सर्वसाधारण नियम. ही वेळ बहुतेक रात्रीची किंवा पहाटेची. आणि पाजणे किती वेळ? तीन ते पाच मिनिटे. मादी पेटीत उडी मारते, पिल्लांवर उभी राहते, पिल्ले उताणी होऊन खालून सड धरतात, आणि पान्हा संपला की ती पुन्हा उडी मारून बाहेर. चोवीस तासांतल्या त्या पाच मिनिटांना तुम्ही तिथे हजर नसलात, तर तुम्हांला वाटणार की ती फिरकलीच नाही.

एवढ्याशा वेळात पिल्लांचे भागते कसे, असे कोणीही विचारील. उत्तर दुधात आहे. गाईच्या दुधात स्निग्धांश साडेतीन-चार टक्के आणि प्रथिने साधारण साडेतीन टक्के. सशाच्या दुधात दोन्ही बारा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तिपटीहून अधिक दाट. साखर मात्र फार कमी. पहिले एक-दोन दिवस मादी सगळ्या वेताला मिळून ३० ते ५० ग्रॅम दूध देते, ते वाढत वाढत तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस २०० ग्रॅमच्या वर जाते. आणि पहिल्या आठवड्यातले पिल्लू एका बैठकीला आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतके दूध पिऊन घेते. साठ किलोच्या माणसाने एका दमात बारा लिटर प्यावे तसे हे झाले. मग ते दिवसभर झोपले तर नवल नाही.

पिल्लेही आपल्या परीने तयार असतात. पाजण्याची वेळ जवळ आली की तासभर आधीपासून ती चुळबुळ करतात आणि लवेखालून वर येतात. मादीच्या दुधाला एक विशिष्ट वास असतो, त्यावर आंधळी पिल्ले काही सेकंदांत सड शोधतात. हा वास नेमका कोणत्या द्रव्याचा, ते फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी २००३ साली दाखवून दिले. दूध पिऊन झाले की पिल्ले लघवी करतात आणि पुन्हा लवेत, कोरड्या जागी, एकमेकांना चिकटून गप्प पडतात. म्हणजे संध्याकाळी पेटीत डोकावल्यावर पिल्ले उघडी पडून वळवळताना दिसली, तर ती उपाशीच आहेत असे नव्हे. ताट वाढायच्या आधी पोरे पाटावर येऊन बसतात, त्यातलाच तो प्रकार असू शकतो.

पाहायचे केव्हा आणि कसे

सकाळी पाहावे. रात्रीचे पाजणे झालेले असते आणि पोट अजून भरलेले दिसते. दुपार टळून गेल्यावर पाहिले तर चांगल्या पोसलेल्या पिल्लाचेही पोट सपाट होत आलेले असते, आणि माणूस फुकट घाबरतो. आमच्या मते निम्मी घाबरगुंडी या चुकीच्या वेळेमुळे होते.

पिल्लांना हात लावला तर मादी त्यांना टाकून देते, ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. पाळलेल्या, माणसाच्या हाताची सवय असलेल्या मादीच्या बाबतीत तिच्यात तथ्य नाही. तिला रोज चारा-पाणी तुम्हीच घालता, तुमचा वास तिला ओळखीचा. तरी काळजी घ्यावी. हात धुवावेत, वासाचा साबण किंवा तेल नको, तंबाखू मळलेला हात तर मुळीच नको. आधी मादीच्या अंगावरून हात फिरवावा, तिच्या अंथरुणातले गवत तळहातावर चोळावे. मादीला थोडा हिरवा घास टाकून दुसऱ्या बाजूला गुंतवावे आणि पेटी उचलून बाजूला घ्यावी. शेजारपाजारची दहा पोरे जमवून हा कार्यक्रम करू नये. मादी बिथरते ती हाताच्या वासाने नव्हे, गोंगाटाने.

आता पेटीत पाहा. आधी पिल्ले मोजा. मेलेले असेल ते काढा, ओले-घाण गवत काढा. मग एकेक पिल्लू तळहातावर घ्या.

पहिली खूण पोटाची. पाजलेल्या पिल्लाचे पोट टम्म, गोल, हाताला मऊ आणि भरीव लागते. पहिले चार-पाच दिवस कातडी इतकी पातळ असते की डाव्या बाजूला, बरगडीच्या खाली, आतले दूध पांढऱ्या डागासारखे चक्क दिसते. हा पांढरा डाग दिसला की चिंता मिटली. त्या दिवसापुरती तपासणी तिथेच संपली तरी चालेल. उपाशी पिल्लाचे पोट आत ओढलेले असते.

दुसरी खूण कातडीची. पोसलेल्या पिल्लाची कातडी ताणलेली, गुलाबी. उपाशी पिल्लाची कातडी म्हाताऱ्याच्या हातासारखी सुरकुतलेली, चिमटीत धरून सोडली तर लवकर खाली न बसणारी. रंग काळपट-निळसर होऊ लागला तर पिल्लू गारठले आहे असे समजावे. गडद रंगाच्या जातीच्या पिल्लांत मात्र रंगावर विसंबू नये. तिथे कातडीच्या सुरकुत्याच पाहाव्यात.

तिसरी खूण वागण्याची. पोटभर पिल्ले ढीग करून झोपतात, हात लावल्यावर दचकून उसळतात आणि पुन्हा शांत होतात. उपाशी पिल्ले विखुरतात, पेटीभर सरपटतात, बोट पुढे केले की तोंड वर करून चोखायला धावतात, बारीक आवाजात चिरचिरतात. आणि फारच उपाशी असली की तेही बंद होते. हालचाल नाही म्हणजे समाधान, असे धरू नये. गार आणि निपचित पिल्लू समाधानी नसते.

काही जण संध्याकाळी पेटीच्या तोंडावर गवताच्या दोन-चार काड्या आडव्या-उभ्या ठेवतात आणि सकाळी त्या विस्कटल्या का ते पाहतात. युक्ती वाईट नाही. पण काडी एवढेच सांगते की मादी आत गेली. पाजले की नाही हे पोटच सांगते. नुसती आत जाऊन, एखादे पिल्लू तुडवून बाहेर येणारी पहिलटकरीण मादीही असते.

वजनाचा काटा

उसाच्या वजनावरून कारखान्याच्या काट्यापाशी वाद घालणाऱ्या आपल्या मंडळींना वजनाचे महत्त्व सांगायला नको. सशाच्या पिल्लाचे जन्माचे वजन साधारण ४० ते ६० ग्रॅम. वेत मोठे असेल तर कमी, तीन-चारच पिल्ले असतील तर जास्त. व्यवस्थित पाजणी होत असेल तर आठवड्याच्या आसपास हे वजन दुप्पट होते.

यासाठी हल्ली स्वयंपाकघरात असतो तो ग्रॅम दाखवणारा छोटा काटा पुरतो. एका टोपलीत फडके घालून तिचे वजन आधी करावे, मग सगळी पिल्ले एकत्र वजन करावीत आणि पिल्लांच्या संख्येने भागावे. रोज एकाच वेळी, सकाळीच. वहीत तारीख, संख्या, वजन. पहिल्या दिवशी वजन स्थिर राहिले तरी घाबरू नये. दुसऱ्या दिवसापासून रोज थोडे का होईना वाढलेच पाहिजे. दोन दिवस लागोपाठ वाढ नाही किंवा घट आहे, तर मादी पाजत नाही किंवा तिला दूध नाही, हे निश्चित समजावे. एकूण वजन वाढते आहे पण एक पिल्लू मागे पडते आहे, असेही होते. सशाच्या पिल्लांचे सड ठरलेले नसतात. पाच मिनिटांत जो पुढे घुसेल त्याचे पोट भरेल. त्या मागे पडलेल्या पिल्लाला ओळखण्यासाठी कानावर कुंकवाचा ठिपका लावणारी एक आजी आम्ही पाहिली आहे. शाईपेक्षा ते बरे.

मादी का पाजत नाही

पहिल्या वेताची मादी असेल तर तिला काही सुचत नाही. लव उपटली नाही, पेटीबाहेर जाळीवरच व्याली, असे प्रकार पहिल्या वेतात अधिक. लव उपटली नसेल तर तिच्या पोटाची थोडी लव हलक्या हाताने आपणच काढून पेटीत घालावी. विण्याच्या सुमारास ती सैल झालेली असते आणि सहज निघते. त्यामुळे सडही मोकळे होतात.

दुसरे कारण भीती. पिंजऱ्याखाली बसणारे कुत्रे, रात्री फिरणारे मांजर, धामण, उंदीर, लग्नसराईतले फटाके. तिसरे पाणी. दूध देणाऱ्या मादीला दिवसाला लिटरभर आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त पाणी लागते. हिरवा चारा घातला म्हणजे पाणी नको, असे समजणारे लोक अजून आहेत, आणि त्यांच्याकडच्या माद्या दूध तोडतात. तहानलेली मादी पिल्ले खाते असेही पाहण्यात येते.

चौथे कारण दगडी, म्हणजे कासेचा दाह. मादीला उलटी धरून सड तपासावेत. एखादा सड लाल-निळा, गरम, गाठ झालेला असेल, तर दुखण्यामुळे ती पिल्लांना जवळ करणार नाही. यात घरगुती लेपात वेळ घालवू नये. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. सशाला चालणारी आणि न चालणारी औषधे वेगळी आहेत. शेळीसाठी आणलेली उरलेली सुई सशाला टोचणे म्हणजे जीवाशी खेळ.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. पान्हा संपला आणि मादीने उडी मारली की कधी एखादे पिल्लू सडाला तोंडात धरूनच बाहेर येते आणि जाळीवर पडते. मांजर आपले पिल्लू मानेला धरून परत नेते, तसे सशाची मादी करत नाही. ते पिल्लू तिथेच गारठून मरते, आणि आपण म्हणतो मादीने फेकले. पेटीच्या दाराचा उंबरा वीतभर उंच ठेवला तर लोंबणारे पिल्लू तिथेच आत पडते. तरी सकाळी उठल्याबरोबर पिंजऱ्याच्या जाळीवर नजर टाकायची सवय ठेवावी.

उपाशी ठरली तर

सशक्त पिल्लू एक पाजणे चुकले तरी तग धरते. जन्मतः त्याच्या अंगात थोडी चरबी साठवलेली असते. दोन पाजणी चुकली की ते घसरणीला लागते. म्हणजे तुमच्या हातात साधारण एक दिवस आहे. घाई करायची, पण घाबरायचे नाही.

आधी ऊब, मग दूध. हा क्रम मोडू नका. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. बाटलीत कोमट पाणी भरून, फडक्यात गुंडाळून पेटीच्या एका कडेला ठेवावी, म्हणजे पिल्लाला नको वाटल्यास दूर सरकता येते. पिल्लू हाताला गरम लागले की पुढचे काम.

पुढचे काम म्हणजे त्याच मादीचे दूध त्याला मिळवून देणे. मादीला गोणपाटावर शांतपणे बसवावे, एकाने पाठीवरून हात फिरवत धरावे, दुसऱ्याने पिल्ले तिच्या पोटाखाली सोडावीत. धरताना दाबू नये. ससा भिऊन मागचे पाय झाडतो तेव्हा त्याचा कणा मोडू शकतो. दिवसातून एकदा, सकाळी, पाच-सात मिनिटे. बहुतेक पहिलटकरणी दोन-तीन दिवसांत स्वतःहून पाजू लागतात. काही जाणते पाळणारे तर पेटी कायमच वेगळी ठेवतात आणि रोज सकाळी ठरल्या वेळी मादीला पेटीपाशी सोडतात. त्यात पाजणी आपल्या नजरेसमोर होते, मांजर-उंदराची भीती जाते, आणि आधी-नंतर वजन केले तर दूध किती मिळाले तेही कळते. आमच्या मते घरच्या चार-सहा सशांना हीच रीत सोयीची.

मादीला दूधच नसेल किंवा ती दगावली असेल, तर दाई मादी शोधावी. सशाला आठ ते दहा सड असतात, म्हणून एका मादीखाली आठाच्या वर पिल्ले ठेवू नयेत. दोन्ही वेतांच्या वयात दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त अंतर नसावे. परकी पिल्ले तिच्या पिल्लांच्या मधोमध, त्याच लवेत तासभर मिसळून ठेवली की ती ओळखत नाही. ही सोय हवी तर आधीच योजावी. दोन माद्या एकाच दिवशी फळवल्या, की साधारण ३१ दिवसांनी दोघी मागेपुढे एक-दोन दिवसांत वितात, आणि एक दुसरीची राखण होते. एकच मादी पाळणाऱ्याला हा आधार नाही.

हाताने दूध पाजणे हा शेवटचा उपाय, आणि त्यात यश कमी. गाईचे नुसते दूध पातळ पडते. करायचेच तर पशुवैद्यकाला विचारून करावे. पिल्लू उताणे न धरता सरळ, तोंड किंचित वर ठेवून धरावे. थेंब ओठावर ठेवून ते चाटेल तेवढेच द्यावे. पिचकारीने घशात सोडू नये. नाकातून दूध आले तर थांबावे. पाजल्यावर ओल्या कोमट कापसाने पोटाखालचा भाग हळू पुसावा, म्हणजे लघवी होते.

आपल्या जिल्ह्याची हवा

आपल्या देशात सशांवर काम केले ते मुख्यतः राजस्थानातील अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने. सोव्हिएत चिंचिला, व्हाइट जायंट या जाती तिच्या कोडाईकनालच्या डोंगरातील मन्नवनूर केंद्रामुळे दक्षिणेत ओळखीच्या झाल्या. मन्नवनूर थंड डोंगरावर आहे. आपल्याकडे एकाच जिल्ह्यात दोन टोके. निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर हिवाळ्यात पारा चार-पाच अंशांपर्यंत, कधी त्याखालीही उतरतो, आणि मालेगावकडे एप्रिल-मे महिन्यांत तो चाळीस-बेचाळीसच्या पुढे चढतो.

उघड्या पिल्लाला पेटीत ३० अंशांच्या वर ऊब लागते. ती ऊब लव आणि एकमेकांची अंगे देतात. निफाडच्या थंडीत पोटभर प्यालेले पिल्लूही, पेटीत लव कमी असेल तर, मरते, आणि दोष मादीच्या दुधाला लागतो. म्हणून जुन्या वेतातली स्वच्छ लव पिशवीत भरून ठेवावी, कामाला येते. अंथरायला मऊ वाळलेले गवत घ्यावे. उसाचे पाचट घरात फुकट असले तरी त्याच्या कडा धारदार, कोवळ्या कातडीला चालत नाहीत. बारीक भुसाही नको, नाकातोंडात जातो. उन्हाळ्यात उलटे करावे, लव थोडी कमी करावी, पिंजऱ्यावर ओले गोणपाट टाकावे. कडक उन्हाळ्यात मादी फळवूच नये हे उत्तम. त्या दिवसांत नरही निकामी होतो.

लाल मुंग्यांचे विसरू नका. दुधाच्या आणि रक्ताच्या वासावर त्या एका रात्रीत अख्खी पेटी संपवतात. पिंजऱ्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात.

दहाव्या ते बाराव्या दिवशी डोळे उघडतात. एखाद्याचे चिकटले असतील तर उकळून कोमट केलेल्या पाण्याने पुसावेत. अठरा-वीस दिवसांनी पिल्ले पेटीबाहेर येऊन आईच्या चाऱ्याला तोंड लावतात. त्याच्या बऱ्याच आधी, म्हणजे दहा-बारा दिवसांचीच पिल्ले बाहेर हिंडू लागली, तर कौतुक करू नये. पोट आणि वजन पाहावे. भूक त्यांना बाहेर काढते.

तोडणीत सापडणारी पिल्ले

आता हे दिवस तोडणीचे, म्हणून रानसशाविषयीही सांगितले पाहिजे. आपल्या उसात राहतो तो मानेवर काळा डाग असलेला रानससा. पिंजऱ्यातला ससा आणि हा, दोन्ही वेगळे. हा बीळ करत नाही. याची पिल्ले जन्मतः केसाळ, उघड्या डोळ्यांची असतात आणि गवताच्या खळग्यात गप्प बसून राहतात. तोडणी पुढे सरकली की फडात असे मुठीएवढे एकटे पिल्लू दिसते, आई कुठेच नसते, आणि टोळीतली पोरे "अनाथ आहे" म्हणून उचलून खोपीवर आणतात.

ते बहुधा अनाथ नसते. युरोपातील रानसशांवर झालेल्या अभ्यासात दिसले आहे की मादी सूर्य मावळल्यानंतर थोड्या वेळाने पिल्लांपाशी येते, काही मिनिटे पाजते आणि निघून जाते. तिचे दिवसा नसणे हीच पिल्लांची राखण. इथे पोट दाबून पाहण्याच्या भानगडीत पडू नये. हे पिल्लू पाळीव नाही, हाताळल्याने दहशत घेते. खोपीवर आणलेले पिल्लू गाईच्या दुधावर क्वचितच जगते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानसशाला संरक्षण आहे. त्याला पकडणे, पाळणे, मारणे हा गुन्हा आहे.

आपल्या जिल्ह्यात निफाड, दिंडोरी, सिन्नर भागांत उसात बिबट्याची पिल्ले सापडतात तेव्हा वन विभागाचे लोक काय करतात, ते पुष्कळ सभासदांनी पाहिले आहे. पिल्ले त्याच जागी संध्याकाळी ठेवतात, माणसे दूर होतात, आणि रात्री मादी येऊन ती घेऊन जाते. सशालाही तीच रीत, फक्त पिंजरा-कॅमेऱ्याशिवाय. (बिबट्याच्या पिल्लांना मात्र स्वतः कोणीही हात लावू नये. आई जवळच असते.)

फडात सशाचे पिल्लू दिसले तर त्याच्या भोवतीची दोन-तीन सऱ्यांची तोड त्या दिवशी शेवटी घ्यावी. ट्रॅक्टर नाहीतर बैलगाडी तिथूनच जाणार असेल तर गवताच्या पेंडीसकट ते उचलून दहा-वीस पावलांवरच्या बांधाच्या आडोशाला ठेवावे, त्याहून लांब नेऊ नये. टोळीचे कुत्रे बांधून ठेवावे. ऊस पेटवून तोडायचा विचार असेल तर पिल्ले पळत नाहीत, बसल्या जागी भाजतात, हे मुकादमाच्या कानावर घालावे. पिल्लू जखमी असेल, किंवा आई कुत्र्याने मारलेली जवळच पडली असेल, तरच ते खोक्यात ठेवून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. एरवी दिवस मावळायच्या आत फड मोकळा करून माणसांनी तिथून निघावे.